जहाज समुद्रात असतानाच कस्टम्सचं काम: न्हावा शेवासाठी ॲडव्हान्स बिल ऑफ एंट्रीची पद्धत

न्हावा शेवा बंदरात अडकलेले बहुतेक कंटेनर कस्टम्सच्या तपासणीत अडकलेले नसतात. ते अडकतात कारण माल उतरल्यानंतर कुणाला तरी आठवतं की सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कोणत्या देशात बनला याचा दाखला) अजून कुरिअरमध्ये आहे, पॅकिंग लिस्टवरचं वजन बीएलशी (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाज कंपनीची माल घेतल्याची पावती) जुळत नाही किंवा बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) लायसन्स दुसऱ्याच मॉडेलचं आहे. हे सगळे प्रश्न जहाज निघालं त्या दिवशीही होतेच. चीनहून येणाऱ्या जहाजाला साधारण तीन आठवडे लागतात आणि ते तीन आठवडे आयातदाराला फुकट मिळालेले असतात. जहाज येण्याआधी बिल ऑफ एंट्री (बीई), म्हणजे आयात मालाचं कस्टम्सकडचं घोषणापत्र, भरण्याचा खरा फायदा हाच: वाद, क्वेरी (कस्टम्सचे प्रश्न) आणि दुरुस्त्या अशा काळात उरकतात जेव्हा ग्राउंड रेंट (कंटेनरच्या जागेचं भाडं) आणि डिटेन्शनचं (कंटेनर वेळेत परत न केल्याचा आकार) मीटर सुरू झालेलं नसतं.

कायदा नेमकं काय सांगतो

सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ४६ नुसार बिल ऑफ एंट्री भरावी लागते. २०२१ च्या वित्त कायद्याने यातली मुदत बदलली. समुद्रमार्गे येणाऱ्या मालासाठी बीई जहाज पोचण्याच्या आदल्या दिवशी, तो दिवस संपायच्या आत भरलेली हवी. सुट्ट्या यात धरल्या जातात, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. जहाज सोमवारी लागणार असेल तर शेवटची मुदत रविवारी रात्री संपते. अनंत चतुर्दशी असो की दिवाळी, आइसगेट, म्हणजे कस्टम्सचं ऑनलाइन पोर्टल, चालूच असतं. विमानाने येणाऱ्या मालाला पोचण्याच्या दिवसाअखेरपर्यंत मुभा आहे, आणि श्रीलंका, बांगलादेशसारख्या अगदी जवळच्या देशांतून समुद्रमार्गे येणाऱ्या मालालाही तशीच. पण माल मूळचा शांघायचा आणि फक्त कोलंबोला जहाज बदललं असेल, तर या सवलतीवर विसंबू नका. आदल्या दिवसाचीच मुदत धरा.

उशीर झाला तर पहिले ३ दिवस रोज ५,००० रुपये आणि त्यापुढे रोज १०,००० रुपये. सहा दिवसांचा उशीर म्हणजे ४५,००० रुपये. हा दर मालाच्या किमतीवर ठरत नाही, त्यामुळे लहान आयातदाराला तो जास्त लागतो. उशिराला सबळ कारण असेल तर अधिकारी आकार माफ करू शकतात, पण "पुरवठादाराने कागद उशिरा पाठवले" हे कारण सहसा चालत नाही.

दुसऱ्या टोकाची मर्यादा म्हणजे जहाज अपेक्षित असण्याच्या जास्तीत जास्त ३० दिवस आधी बीई भरता येते. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या युरोपच्या मालासाठी जहाज निघाल्या दिवशीच बीई भरायची घाई केली आणि जहाज रेंगाळलं, तर ती बीई रद्द करून नवी भरायची वेळ येऊ शकते.

कस्टम्सचं काम करून देणाऱ्या एजंटकडून तीन शब्द कानावर पडतील. जहाजाचा आयजीएम, म्हणजे मालाची यादी, दाखल व्हायच्या आधी भरलेली ती ॲडव्हान्स बीई. आयजीएम दाखल झालाय पण जहाजाला एंट्री इनवर्ड (माल उतरवायची कस्टम्सची परवानगी) मिळालेली नाही, तेव्हा भरलेली ती प्रायर. इनवर्डनंतरची नॉर्मल. रोजच्या बोलण्यात पहिल्या दोन्हींना सर्रास "ॲडव्हान्स" म्हणतात, पण पुढचं काम वेगळं असतं. ॲडव्हान्स बीईला आयजीएम आल्यावर त्याचा नंबर जोडावा लागतो. प्रायरमध्ये तो भरतानाच असतो.

ऑर्डर देतानाच ठरवायच्या गोष्टी

पहिलं काम वर्गीकरणाचं. पुरवठादार इनव्हॉइसवर त्याच्या देशाचा कोड टाकतो. त्यातले पहिले ६ अंक जगभर सारखे असतात, पुढचे नाही. भारतातला ८ अंकी कोड तुम्हीच ठरवायचा आणि त्याची जबाबदारीही तुमचीच, कारण कलम १७ खाली आयातदार स्वतःच ड्युटीचं मूल्यांकन करतो. एकाच मालाला दोन कोड लागू होतील असं वाटत असेल आणि माल वारंवार येणार असेल, तर कस्टम्स अथॉरिटी फॉर ॲडव्हान्स रूलिंग्जकडे अर्ज करावा. मुंबईचं प्राधिकरण बॅलार्ड इस्टेटच्या न्यू कस्टम हाउसमध्ये आहे. मिळालेला निर्णय कायदा किंवा वस्तुस्थिती बदलली नाही तर ३ वर्षं चालतो. एका कन्साइनमेंटसाठी हा खटाटोप परवडत नाही, पण वर्षाला वीस कंटेनर आणणाऱ्याने तो न करणं हा निष्काळजीपणा आहे.

कोड ठरला की त्यावर कोणत्या खात्याची परवानगी लागते ते त्याच दिवशी पाहा. स्टीलला सिम्सची (स्टील आयातीची ऑनलाइन) नोंदणी, अलोह धातूंना वेगळी नोंदणी, कागदाला तशीच पिम्स, खाद्यपदार्थांना एफएसएसएआय, बियाणं किंवा लाकडाला प्लांट क्वारंटाइन, इलेक्ट्रॉनिक्स आणि खेळण्यांना बीआयएस, वायरलेस उपकरणांना डब्ल्यूपीसी (दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा). नोंदणीचा नंबर बीईमध्ये टाकावा लागतो, म्हणजे तो बीईच्या आधी हातात हवा. बीआयएसच्या बाबतीत नुसतं लायसन्स आहे एवढं पुरत नाही. मॉडेल नंबर, कारखान्याचा पत्ता आणि मालावरचा मार्क, तिन्ही त्या लायसन्सशी जुळले पाहिजेत. कारखाना एकाच गावात दुसऱ्या शेडमध्ये हलला असला तरी पत्ता बदलतो, आणि तो कंटेनर सुटत नाही.

किरकोळ विक्रीचा माल असेल तर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, एमआरपी, ग्राहक संपर्क ही लेबलं पुरवठादाराकडूनच लावून घ्या. त्याला मजकुराची फाइल पाठवा आणि माल भरायच्या आधी लेबलचा फोटो मागवा. इथे उतरल्यावर सीएफएसमध्ये (टर्मिनलबाहेरच्या कंटेनर यार्डात) मजूर लावून हजारो खोक्यांवर स्टिकर चिकटवणं महाग पडतं, आणि तेवढे दिवस कंटेनर जागचा हलत नाही.

बीएलचा मसुदा

ॲडव्हान्स बीईचं यश सगळ्यात जास्त या एका कागदावर ठरतं, म्हणून इथे वेळ घालवा. शिपिंग लाइन किंवा फॉरवर्डर (माल पाठवायची व्यवस्था करणारा मध्यस्थ) आयजीएम भरतो तो बीएलवरून, आणि तुमचा एजंट बीई भरतो इनव्हॉइस व पॅकिंग लिस्टवरून. या दोन्हींची गाठ कस्टम्सच्या सिस्टीममध्ये पडते, आणि सिस्टीमला अंदाज बांधता येत नाही.

नेहमी होणारी चूक अशी. ४८० खोकी २० पॅलेटवर रचली आहेत. पॅकिंग लिस्टमध्ये "४८० कार्टन" लिहिलंय, बीएलवर "२० पॅलेट". लाइनने आयजीएममध्ये २० टाकले, एजंटने बीईत ४८०. आयजीएम आल्यावर नंबर जोडायला गेलं की पॅकेजचा आकडा जुळत नाही. मग दोनपैकी एक कागद बदलायचा. बीई बदलायची तर कलम १४९ खाली दुरुस्ती, आयजीएम बदलायचा तर लाइनमार्फत अर्ज, पत्रं आणि फी. ॲडव्हान्समुळे वाचवलेले दोन-तीन दिवस तिथेच गेले. उपाय सोपा आहे: बीएलवर "२० पॅलेट, एकूण ४८० कार्टन" असं लिहून घ्या, बीईमध्ये बीएलवरचंच बाहेरचं पॅकेज धरा आणि खोक्यांची संख्या वर्णनात द्या.

मसुद्यात आणखी पाहा: एकूण वजन पॅकिंग लिस्टशी जुळतं का, कन्साइनीचं (माल घेणाऱ्याचं) नाव आयईसीवर (आयात-निर्यात कोडवर) आहे तसंच आहे का, जीएसटीआयएन बरोबर आहे का, कंटेनर आणि सील नंबर पूर्ण आहेत का. बीएल नंबर अक्षर न् अक्षर तपासा. लाइनचं चार अक्षरी प्रीफिक्स काही जण लिहितात, काही जण गाळतात. आयजीएममध्ये ते कसं जाणार, हे लाइनच्या मुंबई ऑफिसला आधीच विचारून तसंच बीईत टाका. शून्य आणि इंग्रजी ओ यांची अदलाबदलही डोळ्यांत तेल घालून शोधावी लागते.

फॉरवर्डरमार्फत माल येत असेल तर दोन बीएल असतात: लाइनने फॉरवर्डरला दिलेलं मास्टर आणि फॉरवर्डरने तुम्हाला दिलेलं हाउस. बीईत दोन्ही लागतात आणि फॉरवर्डरने आयजीएममध्ये हाउसची सब-लाइन (उपनोंद) वेळेवर भरणं गरजेचं असतं. तो ती भरत नाही तोवर तुमची बीई अधांतरी राहते. तेव्हा फॉरवर्डर निवडताना नुसता भाड्याचा दर पाहू नका. त्याचं मुंबईतलं डॉक्युमेंटेशन डेस्क फोन उचलतं का, हेही पाहा.

ई-संचित आणि चेकलिस्ट

अंतिम बीएल, सही केलेलं इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, विम्याचा कागद, भाड्याचा पुरावा, ओरिजिन सर्टिफिकेट, परवानग्या, कॅटलॉग किंवा तांत्रिक माहिती. हे सगळं एजंट ई-संचितवर (कस्टम्सची कागद ऑनलाइन जमा करायची सोय) चढवतो आणि प्रत्येक कागदाला एक नंबर मिळतो, जो बीईत जोडला जातो. कॅटलॉग अनेक जण चढवतच नाहीत. २०२० पासून मूल्यांकन फेसलेस आहे. तुमची बीई न्हावा शेवाची असली तरी ती तपासणारा अधिकारी चेन्नईला किंवा दिल्लीला बसलेला असू शकतो, आणि "समक्ष भेटून समजावून सांगतो" ही सोय आता नाही. त्याच्यासमोर जे कागद आहेत तेवढंच त्याला दिसतं. मशिनरी असेल तर ती काय काम करते याचं एक पानी स्वच्छ वर्णन आणि फोटो जोडा. निम्म्या क्वेरी तिथेच टळतात.

वर्णन लिहिताना "स्पेअर पार्ट्स" किंवा "प्लास्टिकच्या वस्तू" असली मोघम भाषा टाळा. वस्तू, साहित्य, ब्रँड, मॉडेल, वापर, एवढं तरी हवं.

किमतीच्या बाजूला दोन सापळे आहेत. सौदा एफओबी असेल (म्हणजे किमतीत भाडं आणि विमा धरलेला नसेल) तर भाडं आणि विमा मिळवूनच करपात्र किंमत होते. भाड्याचा पुरावा नसेल तर नियमाने एफओबीच्या २० टक्के धरलं जातं आणि विम्याचा नसेल तर १.१२५ टक्के. ५० लाखांच्या मालाचं खरं भाडं २ लाख असताना पुरावा जोडला नाही, तर भाडं १० लाख धरलं जाईल आणि ८ लाखांवर विनाकारण ड्युटी बसेल. जहाज येण्याआधी फॉरवर्डरचं अंतिम बिल हाती नसतं हे खरं, म्हणून भाड्याचं लेखी पत्र बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा. दुसरा सापळा संबंधित पक्षांचा. परदेशी पुरवठादार तुमचीच समूह कंपनी असेल तर ते बीईत सांगावंच लागतं, आणि प्रकरण स्पेशल व्हॅल्युएशन ब्रँचकडे (अशा व्यवहारांची किंमत तपासणारी कस्टम्सची शाखा) जाऊ शकतं.

मुक्त व्यापार कराराखाली सवलत घेणार असाल तर कॅरोटार, २०२० (अशा सवलतीसाठी मूळ देश दाखवण्याचे नियम) वाचा. सवलतीचा दावा आणि सर्टिफिकेटचा तपशील बीई भरतानाच द्यावा लागतो, आणि माल त्या देशात कसा बनला याची माहिती आयातदाराकडे तयार हवी. आसियानचा माल वाटेत तिसऱ्या देशात उतरून आला असेल तर थ्रू बीएल (मूळ बंदरापासून भारतापर्यंतचं एकच बीएल) जपून ठेवा. सर्टिफिकेट येण्याआधी बीई भरायची घाई इथे नडते. त्याची स्कॅन कॉपी आल्याशिवाय भरू नका.

एजंट शेवटी चेकलिस्ट पाठवतो आणि "ओके करा" म्हणतो. ती मोबाइलवर वर-वर सरकवून ओके करू नका. कागदावर छापा, शेजारी इनव्हॉइस आणि बीएल ठेवा आणि पेन्सिलने एकेक रकाना टिकमार्क करा. जीएसटीआयएन, एडी कोड (तुमच्या बँकेचा), पोर्ट कोड, मूळ देश आणि पाठवणारा देश (हे दोन वेगळे असू शकतात), चलन, सौद्याच्या अटी, ड्युटीच्या दराच्या नोटिफिकेशनचा नंबर आणि अनुक्रमांक. बीईतल्या माहितीच्या खरेपणाची जबाबदारी कायद्याने आयातदारावर आहे, एजंटवर ढकलता येत नाही.

कधी भरावी

कायद्याने शेवटची रात्र दिली असली तरी ती तारीख गाठणं हे ध्येय ठेवू नये. समुद्रमार्गे येणाऱ्या मालासाठी अंतिम बीएल आणि सगळ्या परवानग्या हातात आल्यावर, जहाज येण्याच्या साधारण ५ ते ८ दिवस आधी भरणं आम्हाला योग्य वाटतं. त्यात क्वेरी आली तरी उत्तराला वेळ राहतो, आणि ट्रान्सशिपमेंट बंदरावरून माल कोणत्या जहाजावर चढला हेही बहुतेक कळलेलं असतं. पोर्ट क्लांग किंवा सिंगापूरला माल उतरून दुसऱ्या जहाजावर चढतो तेव्हा आधीच्या जहाजाचं नाव टाकून भरलेली बीई पुढे दुरुस्त करावी लागते.

विनिमय दर आणि ड्युटीचा दर यांची तारीख वेगवेगळी असते, याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. विनिमय दर बीई भरल्याच्या दिवसाचा लागतो. कस्टम्सचे दर महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या गुरुवारी संध्याकाळी जाहीर होतात आणि दुसऱ्या दिवसापासून लागू होतात. रुपया घसरत असेल तर गुरुवारी भरलेली बीई शुक्रवारच्या बीईपेक्षा स्वस्त पडते. ड्युटीचा दर मात्र एंट्री इनवर्डच्या दिवसाचा, कारण आधी भरलेली बीई त्या दिवशी भरली असं कायदा मानतो. २८ जानेवारीला बीई भरली, ड्युटी चुकवली, जहाजाला इनवर्ड ३ फेब्रुवारीला मिळाली आणि मधल्या अर्थसंकल्पात दर वाढला, तर फरक भरावाच लागेल.

क्वेरी आणि ड्युटी

बीई भरली की रिस्क मॅनेजमेंट सिस्टीम ठरवते: थेट मंजुरी, मूल्यांकन, तपासणी की दोन्ही. मूल्यांकनाला गेलेल्या बीईवर क्वेरी आली तर उत्तर मुद्देसूद आणि कागदासकट एकाच वेळी द्या. अर्धवट उत्तर दिलं की दुसरी क्वेरी येते. मालाबद्दल तुम्हालाच खात्री नसेल, तर आधी तपासणी मागण्याची सोय आहे, तिला फर्स्ट चेक म्हणतात. पण ती माल उतरल्यावरच होते, त्यामुळे अशा मालात ॲडव्हान्सचा फायदा जवळजवळ उरत नाही.

ड्युटीचा हिशेब आधी स्वतः करून ठेवा. करपात्र किंमत १०,००,००० रुपये, बेसिक ड्युटी ७.५ टक्के म्हणजे ७५,०००. त्यावर समाजकल्याण अधिभार १० टक्के, ७,५००. आयजीएसटी १८ टक्के या सगळ्याच्या बेरजेवर, म्हणजे १०,८२,५०० वर, १,९४,८५०. एकूण २,७७,३५०. एजंटच्या चेकलिस्टवर याहून वेगळा आकडा असेल तर नोटिफिकेशन किंवा कोड चुकलाय असं समजा आणि भरायच्या आधी विचारा.

पैसे आइसगेटच्या इलेक्ट्रॉनिक कॅश लेजरमधून जातात. लेजरमध्ये रक्कम जमा व्हायला बँकेनुसार वेळ लागू शकतो, म्हणून चलनाच्या दिवशी दुपारी चारला आरटीजीएस करायचा बेत आखू नका. मुदत चुकली तर वर्षाला १५ टक्के दराने व्याज लागतं. एईओ, म्हणजे कस्टम्सने विश्वासार्ह मानलेल्या आयातदारांपैकी टी-२ आणि टी-३ दर्जाच्यांना ड्युटी नंतर भरायची सवलत आहे, आणि नियमित आयात करणाऱ्याने त्या दर्जासाठी प्रयत्न करावेत असं आमचं स्पष्ट मत आहे.

जहाज लागल्यावर

आयजीएम दाखल झाला की त्याचा नंबर, तारीख आणि लाइन नंबर बीईला जोडून घ्या. हे काम एजंटचं, पण आठवण तुम्ही करा. बीई भरून, ड्युटी भरून निर्धास्त बसलेला आयातदार इथेच फसतो: नंबर जोडला नाही तर मालाची पुढची नोंदणीच होत नाही. इनवर्ड मिळाल्यावर ऑनलाइन गुड्स रजिस्ट्रेशन करायचं. तपासणी नसेल आणि ड्युटी भरलेली असेल तर आउट ऑफ चार्ज (माल बाहेर न्यायची कस्टम्सची मंजुरी) लवकर मिळतो. स्कॅनिंगच्या यादीत कंटेनर लागला तर थोडा वेळ जातो. त्यावर इलाज नाही.

डायरेक्ट पोर्ट डिलिव्हरी असेल तर कंटेनर सीएफएसला न जाता थेट टर्मिनलवरून तुमच्या गोदामात येतो. ॲडव्हान्स बीईचा पुरेपूर उपयोग होतो तो इथेच. साधारण ४८ तासांत कंटेनर उचलला नाही तर तो सीएफएसला हलवला जातो, आणि मग तिथलं भाडं, हाताळणी सगळं अंगावर येतं. त्यामुळे डिलिव्हरी ऑर्डर (माल सोडण्याचं लाइनचं पत्र) आधीच काढायची तयारी ठेवा: लाइनचे स्थानिक चार्जेस, कंटेनरची अनामत किंवा बाँड, ओरिजिनल बीएल किंवा टेलेक्स रिलीज (मूळ बीएलशिवाय माल सोडायची सूचना). कस्टम्सचं सगळं झालं पण पुरवठादाराचे पैसे बाकी म्हणून बीएल सुटलं नाही, हा प्रकार नेहमीचा आहे.

वाहतूकही आधी ठरवा. करळ फाट्याच्या बाजूला ट्रेलरची रांग लागली की अर्धा दिवस सहज जातो. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी असते, त्यामुळे कोकणच्या बाजूला माल न्यायचा असेल तर त्या तारखा पाहूनच जहाज निवडा. भिवंडीच्या गोदामात कंटेनर पोचला की दार उघडण्याआधी सीलचा नंबर बीएलशी ताडून त्याचा फोटो काढा. माल कमी निघाला तर विमा कंपनी पहिली गोष्ट तीच मागते. रिकामा कंटेनर लाइनच्या यार्डात परत करण्याची तारीख गोदामाच्या मुकादमाला लिहून द्या. डिटेन्शन रिकामा कंटेनर परत जाईपर्यंत चालू राहतं.

सहारच्या एअर कार्गो कॉम्प्लेक्सला क्रम हाच, फक्त दिवसांच्या जागी तास. बीएलऐवजी मास्टर आणि हाउस एअर वे बिल असतं, आणि विमान उडाल्यावर लगेच कागद इथे पोचले पाहिजेत. रात्रीच्या विमानाचा माल असेल तर एजंटला संध्याकाळीच चेकलिस्ट मंजूर करून द्या.

माल आल्यानंतरचे कागद

पुढच्या जीएसटीआर-२बी (जीएसटी क्रेडिटचं विवरण) मध्ये ही बीई आणि तिचा आयजीएसटी दिसतो का ते पाहा. जीएसटीआयएनचा एक आकडा चुकला असेल तर क्रेडिट अडकतं आणि दुरुस्तीला महिने जातात. बँकेच्या बाजूला, परदेशी पाठवलेली रक्कम आयडीपीएमएसमध्ये (आयातीची रक्कम आणि कागद जुळवण्याची रिझर्व्ह बँकेची प्रणाली) या बीईशी जुळवून बंद करून घ्या. पुरवठादाराला आगाऊ पैसे दिले असतील तर हे विसरूच नका, कारण नोंद उघडी राहिली तर बँक पुढची रक्कम पाठवायला हरकत घेते. बीईतला एडी कोड दुसऱ्या बँकेचा पडला असेल तर ती नोंद भलत्याच बँकेत जाऊन बसते. सगळा संच, क्वेरी आणि उत्तरांसकट, किमान ५ वर्षं जपून ठेवा. ऑडिटचं पत्र येतं तेव्हा तो माल कधीच विकला गेलेला असतो आणि हातात कागदच उरलेले असतात.